ओलिताच्या रात्री आणि कॉफीचे पाच ग्लास

वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यातून २४ वर्षांच्या तरुणाने प्रश्न विचारला आहे. तो पोलीस भरतीची तयारी करतो, घरची शेती सांभाळतो आणि रब्बीत हरभऱ्याला पाणी देण्यासाठी, रात्रीची वीज असेल त्या आठवड्यात, रात्रभर शेतात असतो. वर्षभरापूर्वी चहा सोडून तो कॉफीवर आला आणि आता दिवसाला पाच ग्लास होतात. छातीत धडधडते, घरी असला तरी रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि एखाद्या दिवशी कॉफी मिळाली नाही तर डोके ठणकायला लागते. मित्र म्हणतात कॉफीने हृदय कमजोर होते, मोबाइलवरचे व्हिडिओ म्हणतात कॉफीने यकृत सुधारते. कॉफी सोडावी का, किती चालते आणि तपासणीत जिचे ‘रक्त कमी’ निघाले आहे त्या आईने चहाऐवजी कॉफी घ्यावी का, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

मी विदर्भातल्या ग्रामीण भागात पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवतो आहे. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला आधी कॉफी दिसली नाही, झोप दिसली. एक आठवडा रात्री जागायचे, दुसऱ्या आठवड्यात पहाटे पाचला धावायला जायचे आणि मधल्या वेळात अभ्यास करायचा, या वेळापत्रकात शरीराला जी झोप मिळत नाही तिची जागा तुम्ही कॉफीने भरता आहात. त्यामुळे ‘किती कप चालतात’ याचे उत्तर मी देईनच, पण शेवटचा कप किती वाजता घेतला, कशासोबत घेतला आणि ज्या थकव्यासाठी घेतला तो थकवा कशाचा आहे, या तीन गोष्टी माझ्या अनुभवात कपांच्या संख्येपेक्षा जास्त सांगून जातात. तुमची नाडी मी पाहिलेली नाही, वजन मला माहीत नाही आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता की नाही तेही तुम्ही लिहिलेले नाही. म्हणून पुढे लिहितो त्यातला काही भाग तुम्हाला तुमच्या परिस्थितीनुसार कमीजास्त करून घ्यावा लागेल.

आधी चहा-कॉफीतले कॅफीन काय करते ते पाहू, कारण ते कळले की बाकीचे बरेच आपोआप कळते. आपण जागे असतो तसतसा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि तो आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसला की झोप येऊ लागते. कॅफीनचा रेणू त्याच जागा अडवून बसतो. अ‍ॅडेनोसिन तयार व्हायचे थांबत नाही, फक्त त्याचा निरोप पोहोचत नाही. म्हणून कॉफीने थकवा जात नाही, तो काही तास कळेनासा होतो आणि कॅफीन उतरले की साठलेले सगळे एकदम अंगावर येते. सकाळी दहाच्या सुमारास तुम्हाला जी सुस्ती येते आणि तिसरा ग्लास घ्यावासा वाटतो, ती बहुतेक हीच असावी.

कॅफीन प्यायल्यापासून साधारण अर्ध्या ते एका तासात रक्तात पूर्ण पोहोचते, मात्र निघून जायला त्याला फार वेळ लागतो. निरोगी प्रौढ माणसात निम्मे कॅफीन शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात आणि माणसामाणसात हा काळ दीड तासापासून नऊ तासांपर्यंत बदलतो. रात्री आठ वाजता जेवण झाल्यावर तुम्ही १२० मिलिग्रॅम कॅफीन घेतले असे धरा. रात्री एक वाजता त्यातले ६० मिलिग्रॅम अजून अंगात असते, म्हणजे तुम्ही अंथरुणावर पडून कड बदलत असता तेव्हा जवळजवळ एक कप कॉफी नुकतीच घेतल्यासारखी अवस्था असते. पहाटे सहालाही ३० मिलिग्रॅम उरलेले असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिल्यावरही झोप तासाभराहून अधिक कमी झाली होती. ‘मला कॉफी पिऊनही झोप लागते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात, पण त्यांची झोप उथळ होते आणि सकाळी उठल्यावर अंग जड राहते, ते मात्र त्यांच्या लक्षात येत नाही.

आता तुमचे पाच ग्लास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात दिल्याप्रमाणे १५० मिलिलिटरच्या कपात इन्स्टंट कॉफी असेल तर ५० ते ६५ मिलिग्रॅम, उकळून किंवा गाळून केलेली कॉफी असेल तर ८० ते १२० मिलिग्रॅम आणि चहा असेल तर ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. त्याच मार्गदर्शनात दिवसभराची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत चिंता नसल्याचे म्हटले आहे. आपल्याकडच्या माणसाला मी ३०० हाच आकडा सांगतो, कारण कॉफीखेरीज दिवसभरात घरोघरी नको म्हणता न येणारा चहा होतच असतो आणि तो कोणी मोजत नाही.

पाच कप इन्स्टंट कॉफी म्हणजे ३०० च्या आसपास, म्हणजे काठावर, असे तुम्हाला वाटेल. पण तुम्ही ‘ग्लास’ लिहिले आहे. घरातला स्टीलचा ग्लास घ्या, त्यात पाणी भरा आणि ते मापून पाहा. तो बहुधा २०० मिलिलिटरच्या वर भरेल. नंतर कॉफीचा चमचा पाहा. सपाट चमचा आणि शिगोशिग भरलेला चमचा यांत जवळपास दुपटीचा फरक पडतो आणि रात्री जागायचे असले की हात आपोआप शिगेचा चमचा घेतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने ‘चार कप’ सांगितले होते. त्याला घरचा ग्लास आणि चमचा घेऊन यायला सांगितले, तेव्हा त्याचे चार कप प्रत्यक्षात आठ निघाले. तुमचेही असेच असेल तर तुम्ही ५०० ते ६०० मिलिग्रॅमवर आहात आणि धडधडीचे नवल वाटायला नको. कॉफीच्या पुडीवर चिकोरीची, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या एका भाजक्या मुळीच्या भुकटीची, टक्केवारी लिहिलेली असते तीही वाचा. चिकोरीत कॅफीन नसते, त्यामुळे चिकोरी जास्त असलेल्या पुडीत कॅफीन तेवढेच कमी.

उलट, टपरीवरचा छोटा काचेचा ग्लास ६०–७० मिलिलिटरचाच असतो. दिवसात दहा ‘चाय’ पिणारे तुमचे वडील असतील तर कॅफीनच्या हिशेबात ते तुमच्यापेक्षा मागे असू शकतात. त्यांचा प्रश्न साखरेचा आहे. प्रत्येक ग्लासात दोन लहान चमचे साखर धरली तरी दहा ग्लासांत ८० ते १०० ग्रॅम साखर पोटात जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आतच असावी, शक्यतो २५ ग्रॅमच्या. मधुमेहाच्या गोळ्या वाढवत नेण्याआधी मी रोग्याला टपरीवरच्या साखरेचा हिशेब विचारतो.

एकच मात्रा दोन माणसांत सारखी का वागत नाही, याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. पन्नाशीचा एक शेतकरी रोज वीस-पंचवीस विड्या ओढायचा. छातीच्या त्रासामुळे त्याने निश्चयाने विडी सोडली. तिसऱ्या आठवड्यात तो माझ्यासमोर बसला तेव्हा समोर धरलेल्या हातांची बोटे थरथरत होती, नाडी ११० होती, झोप उडाली होती आणि घरचे म्हणत होते की विडीच बरी होती. विडी सोडल्याचाच हा त्रास असे मलाही आधी वाटले. मग विचारता विचारता कळले की चहा पूर्वीइतकाच, दहा-बारा वेळचा, चालू होता. धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातले कॅफीन मोडणारे एन्झाइम वेगाने काम करते, म्हणून धूम्रपान करणाऱ्याच्या अंगातून कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगाने निघून जाते. विडी बंद झाली आणि तोच चहा त्याला दुप्पट पडू लागला. मी चहा निम्म्यावर आणायला सांगितला आणि पुढच्या बाजाराला तो आला तेव्हा हात स्थिर होते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून खर्रा सोडणाऱ्याला हे लागू पडत नाही. मात्र खर्ऱ्यातली तंबाखू आणि सुपारी स्वतःच नाडी वाढवतात. तुम्ही खर्रा खात असाल तर धडधडीचा सगळा दोष कॉफीवर टाकू नका. खर्रा आधी सोडा.

याच्या उलट गर्भारपणात कॅफीन फार सावकाश बाहेर पडते आणि शेवटच्या महिन्यांत तर ते निम्मे व्हायलाच बारा-पंधरा तास लागू शकतात. म्हणून गरोदर स्त्रीसाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा युरोपीय संस्थेने दिली आहे. गर्भनिरोधक गोळ्यांनीही हा काळ लांबतो. जुलाब किंवा लघवीच्या जळजळीसाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळीनेही तेच होते, म्हणून ती चालू असताना कॉफी निम्मी करावी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती पाण्यासोबतच घ्यावी आणि कॉफी किंवा चहा तासाभराने, नाहीतर गोळीचा बराच भाग रक्तात पोहोचतच नाही.

तुमच्या मनात सगळ्यात मोठी भीती हृदयाची आहे. बेताची कॉफी पिणाऱ्या निरोगी माणसांत हृदयविकार वाढल्याचे मोठ्या पाहण्यांत आढळलेले नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १०० प्रौढांना दोन आठवडे काही दिवस कॉफी प्यायला आणि काही दिवस टाळायला सांगून त्यांच्या अंगावर यंत्रे लावून नोंदी घेतल्या. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून उठणारे जादा ठोके कॉफीच्या दिवशी लक्षणीय वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले मात्र काहीसे वाढले. त्या दिवशी लोक सुमारे हजार पावले जास्त चालले आणि सुमारे ३६ मिनिटे कमी झोपले. म्हणजे धडधड ही तुमची कल्पना नाही, ती खरी आहे, पण निरोगी हृदयात ती बहुतेक वेळा मात्रा कमी केल्यावर थांबते. रक्तदाबाचेही असेच आहे. सवय नसलेल्याचा दाब कॉफीने तात्पुरता चढतो, सवयीच्या माणसात तेवढा चढत नाही. दाब मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नये एवढे सगळ्यांनी पाळावे.

काही गोष्टींना मात्र मी कॉफीचे कारण देऊन थांबत नाही. धडधडीसोबत भोवळ येऊन पडणे, धावताना छातीत दुखणे, नाडी वेडीवाकडी लागणे किंवा घरात कमी वयात कोणी अचानक गेलेले असणे, यातले काहीही असेल तर धावणे बंद ठेवून आधी ईसीजी काढा. काही नसेल तर आठवडाभर सकाळी उठल्याबरोबर, कॉफीच्या आधी, पडल्या पडल्या पूर्ण एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहा. विश्रांतीत ती सतत शंभराच्या वर राहिली तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायचे. तरुण मुलाची धडधड म्हणजे कॉफी, असे गृहीत धरून थायरॉइड किंवा रक्तक्षय राहून गेलेले मी पाहिले आहेत.

आता रात्रीच्या ओलिताचे. तिथे ‘रात्री कॉफी घेऊ नका’ हा शहरी सल्ला कामाचा नाही, कारण अंधारात वाफे फोडताना पेंगणे धोक्याचे आहे आणि साप काय, मोटारीची उघडी वायर काय, चुकीला माफी देत नाही. माझे सांगणे असे की, ज्या रात्री जायचे आहे त्या संध्याकाळी घरी वीस-पंचवीस मिनिटे तरी पडून घ्या आणि निघताना, दहाच्या सुमारास, एक कप घ्या. फार तर दुसरा कप बाराच्या आत घ्या, त्यानंतर काही नाही, म्हणजे सकाळी सहा-सातला घरी आल्यावर झोप लागेल. त्या दिवशी पहाटेचे धावणे सोडा. रात्र जागून, वर कॉफी पिऊन मैदानात उतरण्याने भरतीची तयारी होत नाही, शरीर झिजते. घरी असाल त्या आठवड्यात शेवटचा कप दुपारी दोनच्या आत. या एका बदलाने बहुतेकांची झोप दहा-बारा दिवसांत जागेवर येते आणि झोप आली की कप आपोआप कमी होतात.

भरतीची मुले १६०० मीटर धावण्याआधी ऊर्जापेयाची बाटली रिकामी करतात, म्हणून त्याबद्दलही लिहितो. कॅफीनने धावण्याची क्षमता थोडी वाढते हे खरे आहे आणि २००४ पासून ते खेळांतल्या बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीतही नाही. भारतातल्या नियमानुसार या पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५ पर्यंत. एका बाटलीने मोठा माणूस मरत नाही. पण दोन बाटल्या, सकाळची कॉफी, उपाशी पोट आणि आपल्याकडचे चैत्र-वैशाखाचे ऊन, हे सगळे एका दिवशी जमून आले तर कोसळायला वेळ लागत नाही. चाचणीच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा असे काही घेऊ नका. आणि दहावी-बारावीच्या पोरांच्या हातात ही बाटली दिसली तर हटकून सांगा, कारण ‘मुलांसाठी नाही’ हे बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि ते कोणी वाचत नाही.

डोके ठणकते ते कॅफीनची सवय सुटताना मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत दुखणे सुरू होते, एक-दोन दिवस सर्वाधिक असते आणि दोन ते नऊ दिवसांत संपते. यात धोका नाही, पण लोक नेमके या वेळी दुकानातून डोकेदुखीची गोळी आणतात आणि तशा काही गोळ्यांत पुन्हा कॅफीनच असते. एकदम सोडू नका. दर चार दिवसांनी सुमारे चौथा भाग कमी करा. आधी चमच्याची शीग काढा, मग ग्लासाऐवजी कप घ्या, मग संध्याकाळचा कप बंद करा. साधारण दोन आठवड्यांत दिवसाला दोन-तीन कपांवर याल आणि तिथे थांबायला माझी हरकत नाही. पूर्ण सोडण्याची गरज मला दिसत नाही.

एक गोष्ट यात मिसळू देऊ नका. फवारणी करून आल्यावर डोके दुखत असेल, मळमळत असेल, घाम किंवा लाळ सुटत असेल, अंधुक दिसत असेल तर ते कॉफी न मिळाल्याचे दुखणे नाही. चहा पिऊन पडून राहू नका. कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षापासून कापूस-सोयाबीनच्या हंगामात डोकेदुखीचा रोगी आला की माझा पहिला प्रश्न फवारणीचाच असतो.

राहिला आईचा प्रश्न आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. चहाऐवजी कॉफी घेऊन फारसे काही साधणार नाही. अन्नातले लोह शोषले जाण्यात अडथळा आणतात ती चहातली टॅनिन आणि कॉफीतली त्यांच्या जवळची द्रव्ये, कॅफीन नव्हे. १९८३ च्या एका अभ्यासात जेवणासोबत कॉफी घेतल्यावर लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी आणि चहा घेतल्यावर ६४ टक्क्यांनी घटले होते. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने ते घटले नाही, तासाभराने नंतर घेतलेल्या कॉफीने मात्र तेवढेच घटले. म्हणून नंतरचे अंतर मी दोन तासांचे सांगतो.

कापूस वेचायला जाणारी एक बाई दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. हिमोग्लोबिन ७.८ होते, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या तीन महिने चालू होत्या आणि आकडा हलत नव्हता. ‘गोळी कशी घेता’ असे विचारल्यावर तिने जे सांगितले ते मी तोवर कोणालाच विचारले नव्हते. सकाळी कामाच्या घाईत चहात पोळी बुडवून खायची आणि त्याच चहाच्या शेवटच्या घोटासोबत गोळी गिळायची. ‘जेवणानंतर घ्या’ असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो, आणि सकाळचे जेवण म्हणजेच चहा-पोळी हे माझ्या लक्षात आले नव्हते. आम्ही गोळी रात्री झोपताना, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्यायचे ठरवले आणि चहा पोळीपासून वेगळा केला. अडीच महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.२ आले. गोळी तीच होती.

महाराष्ट्रात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. त्यामुळे तुमच्या आईचा अहवाल अपवाद नाही, पण तेवढ्यावर लोह सुरू करून मोकळे होऊ नका. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आहे आणि त्यातही रक्त कमी दिसते. तिथे उपचार वेगळे असतात, आणि वरचेवर रक्त द्यावे लागलेल्या रोग्याला तर जादा लोह अपायच करू शकते. सिकलसेलची साधी चाचणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, ती आधी करून घ्या. सिकलसेल निघालाच तर चहा-कॉफीपेक्षा पाणी भरपूर पिण्याकडे लक्ष ठेवा, कारण अंगातले पाणी कमी पडले की दुखण्याची लहर उठते.

व्हिडिओत सांगतात त्यातले काही खरे आहे. नियमित कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा सिऱ्होसिस, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि पार्किन्सन कमी आढळतो असे अनेक देशांतल्या पाहण्या सांगतात. पण त्या पाहण्याच आहेत. कॉफी पिणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असू शकतो, म्हणून जो पीत नाही त्याला औषध म्हणून कॉफी सुरू करायला मी सांगत नाही, आणि रोज दारू पिणाऱ्याला कॉफीने यकृत सांभाळले जाईल असे सांगणे तर अपराध आहे. कर्करोगाबद्दलही विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीवर घेतलेला संशय २०१६ मध्ये मागे घेतला, आणि त्याच वेळी ६५ अंशांवरचे कोणतेही कढत पेय अन्ननलिकेसाठी बहुधा घातक असल्याचे म्हटले. उकळता चहा फुंकर न घालता घशाखाली उतरवण्याची आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाणारी सवय मोडावी.

तेव्हा या आठवड्यात ग्लास आणि चमचा मापा, नाडीची वही सुरू करा, आणि आईला घेऊन आरोग्य केंद्रात जा. हिमोग्लोबिन, सिकलसेल, रक्तदाब आणि साखर या तपासण्या तिच्या कराव्यात, पहिल्या दोन तुमच्याही. अहवालातले आकडे आणि वहीतली सात दिवसांची नाडी इथे कळवलीत तर पुढचे नेमके सांगता येईल.